शिडाची बोट घेताना वेग आणि आराम कुठे मोजायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही सोलापूरचे तिघे मित्र मुंबईत नांगरलेली ३८ फुटी, जुनी ‘परफॉर्मन्स क्रूझर’ (सहलीची, पण वेगासाठी बांधलेली बोट) भागीदारीत घेण्याच्या विचारात आहात. वर्षातून एखादी शर्यत, बाकीचा हंगाम कोकण किनारा आणि जमलं तर गोवा. दलाल म्हणतो बोट पळते. वहिनींना मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं. सोबत आकडे दिलेत आणि विचारलंय की, ही बोट वेगवानही आहे आणि आरामशीरही, असं म्हणता येईल का?

मी मूळचा सोलापूरचाच. पंचवीसेक वर्षं शिडाच्या बोटी या बंदरातून त्या बंदरात पोहोचवण्याचं आणि विकत घेण्याआधी तपासून देण्याचं काम केलं. आता परत गावी आलोय. त्यामुळे चारशे किलोमीटरवरच्या समुद्रासाठी तुमचा जीव का तुटतो हे मला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच उत्तर जरा लांबणार आहे.

‘वेगवान की आरामशीर’ असा प्रश्न विचारला की उत्तर कधीच मिळत नाही. तुम्हाला खरं विचारायचंय ते असं : फेब्रुवारीतल्या दुपारी, पाण्याच्या टाक्या भरलेल्या, घरची माणसं सोबत, वारा समोरून, आणि खाडीत शिरायला अजून तीस मैल आहेत. अशा वेळी ही बोट कशी चालेल? आपल्या किनाऱ्यावर हा प्रसंग टळत नाही. पावसाळा सोडला तर दुपारचा खारा वारा साधारण वायव्येकडून येतो. मुंबईहून गोव्याला जाताना तो पाठीशी असतो, कुठलीही बोट सुखाची वाटते. परतताना तोच वारा नाकावर. रात्रीचा मतलई वारा आडवा मिळतो, तो खरा आपला मित्र, पण रोज पुरेसा येईलच असं नाही. म्हणून मी बोट नेहमी परतीच्या वाटेवर तोलतो.

आता तुमचे आकडे. लांबी ३८ फूट, पाण्यालगतची लांबी ३३ फूट, रुंदी १२ फूट, वजन १४,००० पौंड, शीड ८०० चौरस फूट, पाण्याखालची खोली २.३ मीटर. पाण्यालगतच्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की ७.७ नॉट येतात (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, इथले सगळे मैल सागरीच). ही भिंत नव्हे, पण या वेगाला बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि पुढचा प्रत्येक दशांश नॉट महाग पडतो. शिडाचं वजनाशी गुणोत्तर २२ येतं. साध्या क्रूझरचं १६ ते १८ असतं, २० च्या वर गेलं की बोट हलक्या वाऱ्यातही हलते. वजन आणि लांबीचं गुणोत्तर १७४. २०० च्या खाली म्हणजे हलकी बोट. कागदावर दलाल खरं बोलतोय.

पण कागदावरची बोट म्हणजे तुमच्या कापडाच्या धंद्यातला नमुन्याचा तुकडा. माल त्याच वजनाचा निघतो का, हे तुम्ही गठ्ठा काट्यावर ठेवूनच बघता ना? इथेही तेच करायचं. ३०० लिटर पाणी, टाकीभर डिझेल, सहा माणसं आणि त्यांच्या बॅगा, नांगराची ६० मीटर साखळी, रबरी डिंगी आणि तिचं इंजिन, जादा बॅटऱ्या, हत्यारं, शिधा. बाराशे किलो सहज होतात. ते धरून गणित पुन्हा मांडलं, तर शिडाचं गुणोत्तर २२ वरून १९.६ वर येतं आणि वजन-लांबीचं १७४ वरून २०७ वर जातं. म्हणजे शर्यतीची वाटणारी बोट सहलीला निघाली की मध्यम चालीची होते. हे वाईट नाही, फक्त आधी माहीत हवं.

आरामाच्या आकड्याची गंमत याच्या उलट आहे. टेड ब्रूअर या बोट-रचनाकाराने एक गुणोत्तर दिलं. त्यात वजन वर असतं, आणि रुंदी व लांबी खाली. आकडा मोठा तर आराम जास्त. तुमच्या बोटीचा आकडा रिकामी असताना २२.७ येतो आणि भरल्यावर २७. उलटण्याच्या धोक्याचं एक सूत्र आहे, ते इंग्लंडहून निघणाऱ्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत १९७९ साली जे घडलं, त्यानंतरच्या अभ्यासातून आलं. तिथल्या वादळात १५ स्पर्धकांचा जीव गेला होता. या सूत्रात २ पेक्षा कमी आकडा बरा मानतात. तुमची बोट रिकामी असताना १.९९ आणि भरल्यावर १.८८. दोन्ही सूत्रं सांगतात, सामान भरा आणि सुखी व्हा. हे अर्धंच खरं आहे. कारण वजन कुठे ठेवलंय हे दोन्ही सूत्रांना कळत नाही. तेच बाराशे किलो डोलकाठीच्या टोकाला बांधले तरी उत्तर तेच येईल. सारख्या बांधणीच्या दोन बोटी शेजारी ठेवायला हे आकडे चांगले, त्यावरून निकाल देऊ नका. स्थिरतेसाठी बोटीचा स्थिरता-आलेख मागा. किती अंशांपर्यंत ती कलंडूनही स्वतःहून सरळ होते हे त्यात दिसतं. १२० अंशांच्या वर असेल तर मी निश्चिंत होतो. त्याच मॉडेलच्या एखाद्या बोटीचं ओआरसी प्रमाणपत्र (शर्यतीसाठी बोट मोजून दिलेला दाखला) मिळालं, तर त्यात हा कोन, प्रत्यक्ष मोजलेलं वजन आणि वेगवेगळ्या वाऱ्यांतला अपेक्षित वेग, सगळंच असतं. माझ्या मते दलालाच्या दहा फोटोंपेक्षा तो एक कागद मोलाचा.

आता वजन कुठे, या गोष्टीवर थोडा थांबतो, कारण आरामाचं निम्मं रहस्य तिथे आहे. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून तुम्ही अक्कलकोटला गेला असाल. मधल्या सीटवरच्या माणसाला खड्डा जाणवतो, शेवटच्याला उडवतो. बोट तशीच मधल्या भागाभोवती झुलते. टोकांना वजन असेल तर नाक एकदा खाली गेलं की वर यायला उशीर करतं, पुढच्या लाटेत घुसतं, बोट थांबते आणि सगळ्यांच्या पोटात ढवळतं. म्हणजे वेगही जातो आणि आरामही. एका फेब्रुवारीत गोव्याहून मुंबईला एक बोट आणत होतो. विजयदुर्गच्या बाहेर दुपारी १६ नॉट वारा, आखूड लाटा. बोट इतकी आपटत होती की मालक इंजिन लावून गोव्याला परत फिरू म्हणत होते. आम्ही विजयदुर्गला शिरलो. नाकात १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी होती, म्हणजे जवळपास १३५ किलो, शिवाय पुढच्या केबिनखाली भरलेली पाण्याची टाकी आणि तिथेच दोन जादा शिडं. साखळीचा बराचसा भाग डोलकाठीच्या पायथ्याशी आणला, पुढची टाकी रिकामी केली, शिडं मधल्या फळ्यांवर बांधली. दुसऱ्या दुपारी तोच वारा, तशीच लाट, आणि बोट अर्ध्या नॉटने जास्त पळत होती. मालकांनी त्या दिवशी आत बसून जेवण केलं.

म्हणून बोट बघायला जाल तेव्हा नाकातलं कपाट उघडून काय भरलंय ते आधी बघा. मागचा मालक बोटीवर प्रेम करणारा होता की नाही, तेही तिथेच कळतं.

आपटण्याचं दुसरं कारण तळाचा आकार. बोट क्रेनने उचलली असेल तेव्हा पुढून वाकून बघा. नाकाखालचा भाग व्ही आकाराचा असेल तर पाणी चिरतो, सपाट यू असेल तर पाण्यावर थाप मारतो. गेल्या दीड-दोन दशकांतल्या बोटींचं नाक उभं आणि मागचा भाग रुंद असतो. पाण्यालगतची लांबी वाढते, आत जागा मिळते, वारा पाठीशी असताना बोट सरळ पळते. समोरच्या लाटेत मात्र बोट फार सरळ उभी ठेवली तर थापा बसतात. अशा वेळी शीड जरा भरून तिला पंधरा-वीस अंश कलू द्यायचं, म्हणजे गोलाई पाण्यात येते, आणि वाऱ्यापासून पाचेक अंश खाली उतरायचं. अंतर थोडं वाढतं, पण बोट गप्प होते. चालवणाऱ्याला ही खुबी माहीत नसेल तर चांगली बोटही वाईट ठरते.

वहिनींच्या मळमळीबद्दल. सगळे सांगतील की जड बोट घ्या. मी एवढं सरसकट सांगणार नाही. माणसाला सगळ्यात जास्त मळमळ होते ती पाच-सहा सेकंदांना एकदा वर-खाली होणाऱ्या संथ हालचालीने. हलकी, ताठ, म्हणजे सहज न कलणारी बोट झटके देते. त्याने माणूस थकतो, कंबर धरते, चहा सांडतो. जड बोट हळू झुलते. त्याने थकवा कमी, पण काहींना मळमळ जास्तही होते. कोणाला काय बाधतं हे माणसागणिक बदलतं. यावर एकच उपाय : चाचणीला वहिनींना घेऊन जा. मधोमध, बाहेर, क्षितिज दिसेल असं बसवा. मग दहा मिनिटं खाली जाऊन चहा करायला सांगा, आणि तुम्हीही करा. कलत्या बोटीत शेगडीजवळ कंबर टेकायला जागा आहे का, पट्टा आहे का, हात घालावा तिथे कडी-कठडा सापडतो का, हे तेव्हाच कळतं. बारा फूट रुंद, मोकळा, दिवाणखान्यासारखा केबिन बंदरात फार देखणा दिसतो. समुद्रात तोल गेला तर तेवढंच लांब पडायला होतं. रात्री झोपायला मधल्या भागात, कापडी आडोसा लावलेल्या दोन तरी फळ्या हव्यात. पुढच्या केबिनचा मोठा पलंग नांगर टाकल्यावरचा, प्रवासातला नव्हे.

आणि ऊन! आपण सोलापूरकर उन्हाला घाबरत नाही, पण बोटीवर सावलीला झाड नसतं. यातल्या बहुतेक बोटी थंड युरोपातल्या पाण्यासाठी बांधलेल्या. आत वारा खेळवायच्या झडपा कमी, डेकचं लाकूड गडद आणि तापणारं. सुकाणूवर कायम टिकेल असं छत बसतं का, आणि ते बसवल्यावर मेनसेल, म्हणजे मुख्य शीड दिसतं का, दोरी ओढायला हात मोकळा राहतो का, हे तपासा. छत नसलेल्या वेगवान बोटीवर एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर कोणी शीड सुधारायला उठत नाही, आणि मग त्या वेगाला अर्थ राहत नाही.

चाचणी कशी घ्यायची? सकाळच्या गुळगुळीत पाण्यावर दलाल फेरी मारून आणेल, ती नम्रपणे नाकारा. दुपारी १२ ते १५ नॉट वारा असताना बाहेरच्या उघड्या पाण्यात जा. मुंबई बंदरात उधाणाला पाण्याची ओढ दोन-तीन नॉटपर्यंत जाते. एका खरेदीदाराला जीपीएसवर ९ नॉट दाखवून भुलवलेलं मी पाहिलंय. त्यातले दोन-अडीच समुद्राचे होते. म्हणून प्रत्येक वेग जायच्या आणि यायच्या अशा दोन्ही दिशांना मोजा आणि सरासरी घ्या. वाऱ्यावर चढताना, म्हणजे समोरच्या वाऱ्याकडे तिरकं जाताना, डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी चालवून बघा. तळ स्वच्छ हवा. मुंबईच्या पाण्यात थोड्याच आठवड्यांत शिंपले-बार्नाकल धरतात आणि एखादा नॉट सहज खातात. इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) मिटणारा आहे की तीन पात्यांचा कायम उघडा, हेही नोंदवा. उघडा असेल तर अर्धा नॉट तिथेच गेला. शिडं जुनी, पोट सुटलेली असतील तर बोट कलते जास्त आणि चढते कमी. त्या वेळी दोष बोटीला देऊ नका, नव्या शिडांचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

मी ज्या आकड्याकडे बघतो तो वरचा वेग नव्हे, वाऱ्याच्या दिशेने प्रत्यक्ष सरकण्याचा. समजा तुमची बोट वाऱ्यापासून ४३ अंशांवर ६.५ नॉट धरते. म्हणजे ती वाऱ्याच्या दिशेने ताशी पावणेपाच मैल चढते. एखादी स्थूल क्रूझर ५० अंशांवर ५.८ नॉट करते, ती चढते ताशी पावणेचार मैलांच्या जरा खाली. ऐकायला फरक फक्त एका मैलाचा. आता वाऱ्याच्या दिशेला तीस मैलांवरची खाडी घ्या आणि दुपारी बाराला निघा. पहिली बोट सव्वासहाच्या सुमाराला पोहोचते, जानेवारीत सूर्य मावळता मावळता. दुसरी रात्री आठला, अंधारात, दिवा नसलेल्या मच्छीमार जाळ्यांमधून. पोरं पेंगुळलेली, कोणी तरी ओकतंय. माझ्यासाठी आराम म्हणजे हेही आहे. समोरच्या वाऱ्यात चांगली चढणारी बोट दोन तास आधी नांगर टाकू देते, तेवढं सुख कुठल्याच गादीत नाही.

सुकाणूही बोलतं. वीस अंश कल असताना सरळ जायला सुकाणू तीन ते पाच अंश वळवावं लागत असेल तर उत्तम. आठ-दहा अंश लागत असतील तर शीड जास्त झालंय. एक रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा, आणि परत बघा. रीफ घेतल्यावर वेग तोच राहिला आणि चाकावर दोन बोटं पुरली, तर बोट गुणी आहे. रीफ घ्यायला किती माणसं लागतात तेही मोजा. तुम्ही तिघे भागीदार आहात, पण प्रत्येक वेळी तिघेही असणार नाही. दोघांनी तीन-चार मिनिटांत, कॉकपिट न सोडता रीफ घेता आली पाहिजे.

खोलीबद्दल स्पष्ट बोलतो. २.३ मीटरचं खोल कील (तळाखाली उभं असलेलं जड पातं) आणि त्याच्या टोकाला शिसाचा गोळा, यामुळेच ही बोट इतकी ताठ चढते. पण कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. जयगड, विजयदुर्ग जमेल. बाकी ठिकाणी भरती चढत असतानाच शिरायचं, नाहीतर बाहेर थांबायचं. दुसरं म्हणजे जाळी. उलट्या टी सारखं कील आणि सरळ उभं पातळ सुकाणू जाळ्याचा दोर अचूक पकडतं. कुठल्या तरी मच्छीमाराचं हजारोंचं जाळं आपल्या हौसेपायी फाटू नये, हा विचार मला बोटीच्या वेगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. याच मॉडेलचं उथळ कीलचं रूप बाजारात असेल, तर गोव्यापर्यंतच्या फिरण्यासाठी मी ते घेईन, शर्यतीत थोडा मागे पडलो तरी चालेल.

मजबुती तपासण्याचं काम स्वतंत्र सर्व्हेअरला द्या, दलालाने सुचवलेल्याला नको. दोनच जागा सांगतो, कारण हलक्या बोटी तिथेच दगा देतात. एक, कीलच्या मागच्या कडेला तळाच्या आतल्या बाजूला असलेली चौकट. बोट कधी खडकावर आपटली असेल तर तिथे तडे जातात किंवा चौकट तळापासून सुटते, आणि वरून काहीच दिसत नाही. २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ या बोटीचं कील अटलांटिकमध्ये गळून पडलं आणि चौघे गेले. तेव्हापासून केबिनच्या जमिनीच्या फळ्या उचलल्याशिवाय मी कुठल्याही बोटीला बरी म्हटलेलं नाही. दोन, सुकाणूचा दांडा. बोट वर काढल्यावर सुकाणूचं खालचं टोक धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेत.

जड बोटीचा मला तिटकारा आहे असं वाटू देऊ नका. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ‘म्हादेई’ ५६ फुटी आणि २३ टनांची. तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. दक्षिण महासागरात महिनोन् महिने राहायचं तर अशीच बोट हवी. तुम्हाला मात्र मुंबईहून निघून, सव्वादोनशे मैलांवरच्या गोव्याला जाऊन, सोमवारी कारखाना उघडायला परत यायचंय. त्यासाठी मध्यम-हलकी, चांगली चढणारी बोट योग्य, आणि तुमचे आकडे त्या जातीत बसतात.

माझं मत विचाराल तर नकार देण्यासारखं या आकड्यांत काही नाही. पण होकार मी अजून देणार नाही. पावसाळ्याआधी बोट वर काढतील तेव्हा क्रेनच्या काट्यावरचं वजन लिहून घ्या, टाक्या किती भरल्या होत्या त्याच्या नोंदीसह. नाकातल्या कपाटाचा आणि कीलच्या मागच्या फळीखालचा फोटो काढा. चाचणीचे वेग दोन्ही दिशांचे पाठवा, आणि वहिनींना खालचा चहा कसा झेपला तेही. मी सगळं गणित पुन्हा मांडून देतो. जुळे सोलापूरला राहतो, समोर बसून बोलायचं असेल तर एखाद्या रविवारी सकाळी या.